घरातले प्रकट वाचन : मुलांसाठी पुस्तक निवडताना

वाढदिवसाला किंवा मुंजीत भेट म्हणून आलेली ‘श्यामची आई’ शहरांतील अनेक मराठी घरांत कपाटाच्या वरच्या कप्प्यात कोरीच्या कोरी राहिलेली आढळते. ज्या मुलाला ती दिलेली असते ते घरात अस्खलित मराठी बोलते, आजीशी भांडतेही मराठीतच. पण शाळा इंग्रजी माध्यमाची असल्यामुळे पुस्तक हाती घेतल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या ओळीलाच त्याचा दम निघतो. जोडाक्षर आले की ते अडखळते आणि वाक्य संपेपर्यंत वाक्याचा आरंभ विसरून गेलेले असते. मग ‘आमचा मुलगा मराठी वाचतच नाही’ ही तक्रार सुरू होते आणि पुस्तक वरच्या कप्प्यात जाते.

तक्रार खोटी नाही, पण अपुरी आहे. अशा मुलाचे डोळे मराठी पुस्तकाला सरावलेले नसले तरी त्याचे कान पुरते तयार असतात. दहा वर्षांच्या मुलाला स्वतः वाचायला दिले तर सहा वर्षांच्या मुलासाठी लिहिलेले पुस्तकही जड जाते. तेच कोणी वाचून दाखवले तर बारा वर्षांच्या मुलाचे पुस्तकही ते मन लावून ऐकते. या दोहोंमधील अंतर घरातील कोणीतरी मोठ्याने वाचूनच भरून निघू शकते. म्हणूनच कुटुंबाने एकत्र ऐकायची पुस्तके निवडताना ‘मुलाला काय वाचता येते’ ही फूटपट्टी उपयोगाची नाही. येथे निवड कानाच्या हिशेबाने करावी लागते.

पोथीपासून रेडिओपर्यंत

मोठ्याने वाचणे महाराष्ट्राला नवे नाही. श्रीधर स्वामींचे ‘हरिविजय’, ‘रामविजय’, ‘पांडवप्रताप’ हे ओवीबद्ध ग्रंथ अठराव्या शतकापासून गावोगावी चातुर्मासात वाचले गेले ते याच रीतीने : एकाने वाचायचे, बाकीच्यांनी ऐकायचे. ऐकणाऱ्यांत अक्षरओळख नसलेली माणसे असत, जागत बसलेल्या बायका असत आणि आईच्या मांडीवर पेंगणारी मुलेही असत. श्रावणात वारावारची कहाणी घरातच वाचली जाई. दरवर्षी तीच कहाणी, तेच आटपाट नगर. तरीही मुलांना ती हवी असे, कारण पुढे काय होणार हे ठाऊक असण्यात त्यांना निराळा आनंद मिळे.

छापील बालसाहित्य आले ते एकोणिसाव्या शतकात. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८२८ च्या सुमारास इसापच्या गोष्टी मराठीत आणल्या आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी ‘तात्पर्य’ सांगण्याची सवय मराठी पालकांच्या अंगी मुरली. ती अद्याप गेलेली नाही. विसाव्या शतकात मासिकांनी मुलांच्या घरातील वाचनाला मोठा आधार दिला. ‘चांदोबा’ मराठीत १९५२ साली सुरू झाला, तर पाठ्यपुस्तक मंडळाचे ‘किशोर’ १९७१ साली. ‘चांदोबा’तील विक्रम आणि वेताळाची गोष्ट थोरल्या भावंडाने वाचायची आणि धाकट्यांनी ऐकायची, हा कित्येक घरांचा परिपाठ होता. पुढे दूरचित्रवाणी आली, घरात खोल्या वाढल्या, प्रत्येकाच्या हातात वेगळा पडदा आला आणि एकाने वाचून चौघांनी ऐकण्याचा प्रसंगच उरला नाही.

पाश्चात्त्य देशांत याच काळात उलट प्रवास झाला, हे नमूद करण्याजोगे आहे. अमेरिकेत जिम ट्रिलीझ यांनी पालकांसाठी लिहिलेले प्रकट वाचनाचे मार्गदर्शक १९८२ साली मोठ्या प्रकाशनामार्फत निघाले आणि लाखो घरांत गेले. तेथील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये, मूल तान्हे असल्यापासून त्याला वाचून दाखवावे, असा सल्ला डॉक्टरांनी पालकांना द्यावा असे धोरणच जाहीर केले. डोनाल्ड हेज आणि मार्गारेट आरेन्स या संशोधकांनी १९८८ साली एक लक्षवेधी तुलना केली होती. सुशिक्षित प्रौढांच्या आपसातील बोलण्यापेक्षा मुलांच्या पुस्तकांत विरळ शब्दांचे प्रमाण अधिक असते, असे त्यांना आढळले. हे संशोधन इंग्रजीपुरते असले तरी मराठी घरात त्याचा प्रत्यय यायला वेळ लागत नाही. जेवणाच्या टेबलावर होणाऱ्या बोलण्यात ‘ओसरी’, ‘निमूटपणे’, ‘हिरमुसला’, ‘तिन्हीसांजा’ हे शब्द आठवड्यातून कितीदा येतात, हे आठवून पाहावे. ते शब्द आता प्रामुख्याने पुस्तकातच राहतात.

कानाची कसोटी

पुस्तकाच्या दुकानात उभे राहून पहिले पान चाळणे आणि मुखपृष्ठ पाहणे, एवढ्यावर बहुतेक खरेदी होते. प्रकट वाचनासाठी एक साधी कसोटी अधिक विश्वासाची आहे. पुस्तक मध्येच कुठेतरी उघडावे आणि अर्धे पान ओठांतल्या ओठांत, पण शब्द उच्चारून वाचावे. वाक्य संपण्याआधी श्वास संपत असेल, कोण बोलत आहे हे कळण्यासाठी मागे जावे लागत असेल, तर ते पुस्तक कितीही गाजलेले असले तरी रात्री नऊ वाजता, दिवसभराच्या थकव्यानंतर ते वाचले जाणार नाही. ज्या पानावर माणसे एकमेकांशी बोलत आहेत आणि प्रत्येकाचे बोलणे वेगळे ऐकू येते, ते पान वाचणाऱ्याला आपोआप पुढे नेते.

या कसोटीला सर्वांत आधी नापास होतात ती घाईने केलेली भाषांतरे. इंग्रजी वाक्य जसेच्या तसे मराठी शब्दांत बसवलेले असले की डोळा ते कसेबसे खपवून घेतो. जीभ मात्र अडते. माहितीपर पुस्तकांचेही तसेच. ग्रहताऱ्यांवरचे, डायनासोरवरचे पुस्तक मुलाने एकट्याने उलटसुलट चाळावे, चित्रावर बोट ठेवून प्रश्न विचारावेत; सलग वाचून दाखवण्याचा तो ऐवज नव्हे. बोधकथांच्या संग्रहांबाबत एवढेच म्हणता येईल की गोष्ट चांगली असेल तर तात्पर्य न वाचताही ती पोहोचते. तात्पर्याची ओळ गाळली म्हणून आजवर कोणाचे मूल बिघडल्याचे ऐकिवात नाही.

दुसरी अट पालक सहसा स्वतःला सांगत नाहीत : पुस्तक वाचणाऱ्यालाही आवडले पाहिजे. कंटाळून वाचणारा आवाज मुलांना पहिल्या परिच्छेदातच ओळखू येतो. केवळ ‘संस्कारांसाठी’ निवडलेले पुस्तक तिसऱ्या रात्री मागे पडते ते याच कारणाने. आईला हसू येते, बाबांना पुढे काय होते याची उत्सुकता वाटते, असे पुस्तक घरात टिकते.

ठेक्याची आणि चित्रांची वर्षे

पाच-सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी अर्थाआधी नाद येतो. काऊचे शेणाचे घर आणि चिऊचे मेणाचे घर ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या टिकली ती त्यातील पुनरावृत्तीमुळे. दार ठोठावले जाते, आतून नवी सबब येते, पुन्हा दार ठोठावले जाते. ऐकणारे मूल तिसऱ्या खेपेला स्वतःच पुढचे वाक्य म्हणते. छापील पुस्तकांतही हाच गुण शोधावा.

या बाबतीत मराठी घरांचे भाग्य असे की भाषेतील थोर कवींनी लहान मुलांसाठी मनापासून लिहिले. विंदा करंदीकरांचा ‘राणीची बाग’ हा संग्रह १९६१ सालचा. त्यानंतर ‘सशाचे कान’, ‘एटू लोकांचा देश’, ‘परी ग परी’, ‘अजबखाना’, ‘पिशीमावशी आणि तिची भुतावळ’ असे संग्रह येत राहिले. पुढे ज्ञानपीठाने गौरवलेला हा कवी मुलांसमोर येताना कोठेही वाकून, बोबडे बोलत येत नाही. प्राणी, भुते, उलट्या रीतीच्या देशातील माणसे यांच्या निमित्ताने तो भाषेशीच खेळतो. मंगेश पाडगांवकरांच्या बालकविता अधिक गेय आहेत, त्यामुळे ज्या घरात वाचण्यापेक्षा गाण्याचा सराव अधिक, तेथे त्या लवकर रुळतात. हे दोन कवी वसंत बापटांच्या साथीने गावोगाव काव्यवाचनाचे कार्यक्रम करीत असत. कविता हजार माणसांसमोर मोठ्याने म्हणण्याचा तो अनुभव त्यांच्या बालकवितेतही जाणवतो. कविता वाचताना एकच पथ्य आहे : ठेका धरून, न लाजता वाचावे. शब्दांचा अर्थ सांगत थांबले की ठेका जातो आणि ठेका गेला की कविता गेली.

चित्रपुस्तकांत माधुरी पुरंदरे यांचे काम वेगळे उठून दिसते. ‘राधाचं घर’ या संचातील छोटी पुस्तके किंवा यश नावाच्या मुलाच्या गोष्टी यांत जादू नाही, राक्षस नाही. घरातील माणसे, पाहुणे, शाळेचा पहिला दिवस, एवढाच ऐवज असतो. चित्रेही त्यांचीच असल्यामुळे जे चित्रात दिसते ते शब्दांत पुन्हा सांगितलेले नसते आणि वाचता वाचता बोलायला जागा राहते. त्यांना २०१४ मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. त्यांनीच संपादित केलेले ‘वाचू आनंदे’चे बालगट आणि कुमारगटाचे भाग, कोठून सुरुवात करावी हे न कळणाऱ्या पालकांसाठी सर्वांत सोयीचे आहेत. जुन्या-नव्या मराठी साहित्यातील वेचे आणि सोबत चित्रकारांची चित्रे असे त्यांचे स्वरूप आहे. रोज एक वेचा वाचावा आणि मूल ज्या लेखकापाशी रेंगाळेल त्याचे मूळ पुस्तक आणावे.

या वयात एकच पुस्तक वीस-वीस रात्री मागितले जाते. पालकांना तो छळ वाटतो. मुलाच्या दृष्टीने मात्र ते पुस्तक पाठ होऊ लागलेले असते, आणि पाठ झालेल्या मजकुरावरूनच पुष्कळ मुले अक्षरे ओळखू लागतात.

साहसाची, खोड्यांची पुस्तके

सहा ते दहा या वयात गोष्ट लांबते. एका बैठकीत न संपणारे, उद्यावर जाणारे पुस्तक आता चालते, किंबहुना तेच हवे असते.

दिलीप प्रभावळकरांचा ‘बोक्या सातबंडे’ येथे पहिल्या क्रमांकावर ठेवता येईल. चिन्मयानंद हे भारदस्त नाव बाजूला पडून बोक्या म्हणूनच ओळखला जाणारा हा मुलगा मुळात आकाशवाणीवर जन्माला आला. ऐकण्यासाठीच लिहिलेले असल्यामुळे त्यातील संवाद वाचणाऱ्याकडून नट होण्याची अपेक्षा करीत नाहीत. सरळ वाचले तरी ते रंगतात. प्रकरणे सुटी आहेत, तेव्हा एखादी रात्र चुकली तरी धागा तुटत नाही.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे थोडा अधिक दम मागतो. फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात शिकायला आलेला बनेश फेणे, त्याची सायकल, त्याचे तोंडाने ‘ट्टॉक्’ करणे हे सारे आज साठीच्या घरात असलेल्या वाचकांच्या बालपणाचा भाग आहे. २०१७ च्या चित्रपटामुळे त्याचे नाव नव्या पिढीपर्यंत पोहोचले, तरी चित्रपटातील फेणे मोठा आहे आणि काळही आजचा आहे. पुस्तकातील फेणे शाळकरी आहे. तेथे तार येते, ट्रंक कॉल लावावा लागतो. हे सारे मुलांना समजावून सांगत बसावे का, असा प्रश्न पालकांना पडतो. अनुभव असा की मूल विचारील तेवढेच सांगावे. वेगवान कथेत न कळलेला शब्द मूल संदर्भावरून ओलांडून जाते. थांबवून अर्थ सांगितला की मात्र पाठलाग थांबतो आणि चोर निसटतो. फेणेचा ‘ट्टॉक्’ कोणी करायचा, यावर भावंडांची भांडणे होतील, ती होऊ द्यावीत.

ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ दूरदर्शनवरील मालिकेमुळे आजच्या आई-बाबांना ठाऊक आहे. त्याची भाषा जुन्या मध्यमवर्गीय घरातील, संथ आणि नीटस. आजी-आजोबा वाचणार असतील तर हे पुस्तक त्यांच्या आवाजात विशेष शोभते. एक गोष्ट येथे स्पष्टपणे सांगायला हवी : जुन्या बालसाहित्यातील बहुतेक घरे एकाच सामाजिक थरातील आहेत. सोवळे-ओवळे, गडी, स्वयंपाकघरातच वावरणारी आई यांकडे त्या काळी कोणी प्रश्न म्हणून पाहिले नाही. आजची मुले पाहतात. प्रश्न आला की पुस्तक मिटून उत्तर द्यावे. ती दहा मिनिटे वाचनाइतकीच मोलाची असतात.

नव्या लेखनाकडेही लक्ष ठेवणे इष्ट. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० पासून दिला जातो आणि मराठीसाठी पहिल्याच वर्षी तो अनिल अवचटांच्या ‘सृष्टीत... गोष्टीत’ला मिळाला. झाडे, प्राणी आणि माणसे यांच्या त्या गोष्टी अवचटांच्या बोलत्या शैलीमुळे वाचायला अत्यंत सोप्या आहेत. २०२४ साली भारत सासणे यांच्या ‘समशेर आणि भूतबंगला’ला हा पुरस्कार मिळाला. पुरस्कारांची यादी ही काही चवीची हमी नव्हे, पण दुकानात गोंधळलेल्या पालकाला सुरुवात म्हणून ती पुरेशी आहे.

‘श्यामची आई’ : केव्हा आणि कशी

आता पुन्हा वरच्या कप्प्यातील त्या पुस्तकाकडे. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत लिहिली; पुस्तक निघाले १९३५ साली. त्यातील प्रकरणांना गुरुजींनी ‘प्रकरण’ म्हटलेले नाही, ‘रात्र’ म्हटले आहे. आश्रमातील मित्र जमतात आणि श्याम त्यांना रोज एक आठवण सांगतो, अशा बेचाळीस रात्री. म्हणजे हे पुस्तक मुळातच सांगितले-ऐकले जाण्याच्या घाटात रचलेले आहे. एकट्याने, सुट्टीतील सक्तीचा अभ्यास म्हणून वाचायला दिले की त्याचा घाटच मोडतो. रोज एक रात्र, एवढ्याच मापाने घेतले तर ते दीड महिन्यात संपते.

पण पहिल्या रात्रीपासून क्रमाने सुरुवात करण्याचा आग्रह नसावा. आठ-नऊ वर्षांच्या मुलांसाठी ‘श्यामचे पोहणे’ हे चांगले दार आहे. पोहायला जायच्या भीतीने दडून बसलेला मुलगा त्यांना लगेच आपला वाटतो. ‘अळणी भाजी’त नाट्य असे काहीच नाही, आई भाजीत मीठ घालायला विसरते एवढेच. पण ताटावर बसलेले कोणीही अवाक्षर काढत नाही आणि सर्वांत शेवटी जेवायला बसलेल्या आईला ते कळते, तेव्हा ऐकणारी मुले गप्प होतात. ‘पत्रावळ’ वाचण्यापूर्वी पत्रावळ म्हणजे काय ते एकदा दाखवावे. ‘देवाला सारी प्रिय’मध्ये मोळीवाल्या महार म्हातारीचा प्रसंग आहे. अस्पृश्यता या शब्दाची पाठ्यपुस्तकातील व्याख्या पाठ करण्यापूर्वी मुलांनी तो ऐकलेला बरा; मात्र त्या रात्री वाचून झाल्यावर लगेच दिवा मालवू नये.

कर्ज, जप्ती, आईचा आजार आणि मृत्यू या शेवटच्या रात्री जड आहेत. तेथे रडू येते, आणि अनेकदा ते वाचणाऱ्यालाच आधी येते. वडिलांचा आवाज भरून आलेला मुलांनी यापूर्वी ऐकलेला नसतो. काही पालक नेमके यासाठीच हे पुस्तक टाळतात, ‘फार रडवते’ म्हणतात. पुस्तकाची हळवी बाजू आजच्या अभिरुचीला जास्त वाटते, हे मान्यच करावे लागेल. त्यावर टीका झाली आहे आणि ती सर्वस्वी गैरलागूही नाही. तरी निर्णय आचार्य अत्र्यांच्या १९५३ सालच्या चित्रपटाच्या आठवणीवरून किंवा विनोदांवरून न घेता, एखादी रात्र मोठ्याने वाचून पाहून घ्यावा. गुरुजींची वाक्ये छोटी आहेत. इंग्रजी माध्यमातील मुलालाही ती ऐकून कळतात.

दूरदेशीची, पण मराठीत रुजलेली

भाषांतरांची उणीव वर सांगितली. त्याला सन्माननीय अपवाद पुष्कळ आहेत. तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी मराठीत आणले आणि नॅशनल बुक ट्रस्टने ते अल्प किमतीत घराघरांत पोहोचवले. रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरणारी शाळा आणि मुलांचे बोलणे तासन्‌तास ऐकून घेणारे मुख्याध्यापक यांची ही आठवण छोट्या प्रकरणांची आहे. ती ऐकून मुले आपल्या शाळेची तुलना करू लागतात, याची तयारी ठेवावी.

राम पटवर्धनांचे ‘पाडस’ हे मार्जोरी रॉलिंग्ज यांच्या १९३८ सालच्या कादंबरीचे मराठी रूप. फ्लोरिडाच्या रानातील ज्योडी आणि त्याचे हरणाचे पिल्लू यांची ही कथा पटवर्धनांनी अशा मराठीत आणली आहे की रान परके वाटत नाही. पुस्तक मोठे आहे; रोज वीस मिनिटे दिली तरी महिन्या-दोन महिन्यांचा मामला. शेवट कठोर आहे. प्राण्यांवर जीव लावणारे मूल घरात असेल तर पालकांनी तो आधी वाचून ठेवावा, आणि मूल दहा वर्षांचे होईपर्यंत थांबावे. मुलींच्या घरात शांता शेळक्यांची ‘चौघीजणी’ आवडीने ऐकली जाते, अर्थात ती केवळ मुलींसाठी आहे असे मानण्याचे कारण नाही.

सोव्हिएत संघातून येणारी, जाड कागदाची, रंगीत चित्रांची मराठी पुस्तके आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्यांना आठवत असतील. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि तो ओघ आटला. आजी-आजोबांच्या माळ्यावर किंवा रद्दीवाल्याकडे ‘चुक आणि गेक’ सापडले, तर ते सोडू नये.

दहा वर्षांनंतरही

मूल स्वतः वाचू लागले की वाचून दाखवणे बंद करायचे, हा गैरसमज सार्वत्रिक आहे. खरे तर याच वयात अधिक मोकळे, गुंतागुंतीचे लेखन एकत्र ऐकता येते. जी. ए. कुलकर्णींचे ‘बखर बिम्मची’ वरवर पाहता लहान मुलाचे पुस्तक आहे, पण मोठ्यांना त्यात वेगळेच काही ऐकू येते. वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’ने १९८१ पासून मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्या धरून ठेवल्या आहेत. गुलामीत जन्मलेल्या मुलाचा शास्त्रज्ञ होईपर्यंतचा हा प्रवास बारा वर्षांच्या मुलाला सलग ऐकवता येतो.

या वयासाठी प्रकाश नारायण संतांच्या लंपनकथा मात्र खास राखून ठेवाव्यात. ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ ही पुस्तके बालसाहित्य म्हणून लिहिलेली नाहीत. आजी-आजोबांकडे राहणारा, आईवडिलांपासून दूर पडलेला लंपन, त्याचे ‘मॅड’ होणे, सीमाभागातील कानडी हेलाची मराठी हे सारे कागदावर वाचताना जितके आवडते त्याहून ऐकताना अधिक उमलते. तो हेल जिभेवर नसेल तर उगीच नक्कल करू नये. लेखकाने तो वाक्यरचनेतच ठेवला आहे.

निवड कोणाची?

घरात पाच आणि अकरा वर्षांची दोन मुले असली की सर्वांना चालेल असे पुस्तक सापडत नाही, अशी अडचण सांगितली जाते. थोरल्याच्या मापाचे पुस्तक निवडणे हा त्यावर सहसा यशस्वी ठरणारा उपाय आहे. धाकट्याला सगळे कळत नाही, पण त्याला बैठकीत असायचे असते. उलट केले तर थोरले मूल उठून जाते. निवडीत पाळी ठेवावी : एक पुस्तक मुलांचे, एक मोठ्यांचे. मुलांनी निवडलेल्या पुस्तकाला नाके मुरडू नयेत. आणि पन्नास पाने वाचूनही कोणालाच रस वाटत नसेल, तर पुस्तक अर्ध्यावर सोडायला हरकत नाही. ताटात वाढलेले संपवलेच पाहिजे, हा नियम पुस्तकांना लागू नाही.

आणखी एक अडचण उघडपणे बोलली जात नाही. आज लहान मुलांचे आईवडील असलेल्यांपैकी अनेक जण स्वतःच इंग्रजी माध्यमात शिकलेले आहेत. मोठ्याने मराठी वाचताना तेही अडखळतात आणि मुलांसमोर तो संकोच नको म्हणून पुस्तकच उघडत नाहीत. उद्याचे पान आज रात्री एकदा वाचून ठेवले की हा प्रश्न बराचसा सुटतो. शिवाय, आईलाही जोडाक्षर अडते हे पाहून मुलाची स्वतःच्या अडखळण्याची लाज कमी होते. ज्यांचे आजी-आजोबा दुसऱ्या शहरात वा परदेशात आहेत, त्यांना व्हिडिओ कॉलचा मार्ग आहे. पुस्तकाच्या दोन प्रती घ्याव्यात, एक इकडे आणि एक तिकडे, म्हणजे चित्रे दोघांनाही दिसतात.

पुस्तके मिळवण्याच्या वाटा

एवढी पुस्तके विकत घेणे सर्वांना शक्य नाही, आणि आवश्यकही नाही. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून आणि पुणे नगर वाचन मंदिर तर १८४८ पासून वाचकांची सेवा करीत आले आहे. जवळच्या शाखेत बालविभाग आहे का, एका वेळी किती पुस्तके मिळतात, हे मुलाला सोबत नेऊनच विचारावे. ‘किशोर’चे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर विनामूल्य खुले केले आहेत, त्यांत त्या त्या काळातील नामवंतांच्या कथा सापडतात. प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या मंचावर मराठी चित्रकथा मोफत वाचता आणि उतरवून घेता येतात, मात्र त्यांतील भाषांतरांना वरील कानाची कसोटी लावूनच निवड करावी. पाचगणीजवळचे भिलार हे २०१७ पासून पुस्तकांचे गाव म्हणून ओळखले जाते. तेथील घराघरांत विषयवार पुस्तके मांडली आहेत आणि बालसाहित्याचेही घर आहे. सुट्टीत महाबळेश्वरला जाणाऱ्यांनी अर्धा दिवस तेथे काढावा. दिवाळीच्या सुमारास निघणारे मुलांचे अंकही विसरू नयेत; ‘साधना’चा बालकुमार अंक २००८ पासून निघू लागला आणि वाचून दाखवण्याजोगा मजकूर त्यात हमखास असतो.

वेळेबाबत फार कडक नियम करू नयेत. झोपण्यापूर्वीची पंधरा-वीस मिनिटे बहुतेकांना सोयीची पडतात. दोन्ही पालक उशिरा परतणाऱ्या घरांत रविवारची सकाळही चालते. थांबायचे ते प्रकरण संपल्यावर नव्हे, त्याच्या थोडे आधी, कोणीतरी दार ठोठावल्यावर. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्या आल्या मूल ते पुस्तक गुपचूप उघडून, बोट ठेवत, जोडाक्षरांशी झटापट करीत, दाराबाहेर कोण आहे हे शोधताना दिसले, तर रात्री त्याच पानावरून पुन्हा वाचायला सुरुवात करावी आणि आपल्याला काही ठाऊक नाही असे दाखवावे.